कोराडी शेजारी, तरी वीज कुठून? वीजप्रवाहाचं गणित पहिल्यांदा सोडवणाऱ्यांसाठी

नागपुरात उन्हाळ्यात वीज गेली की एक वाक्य हमखास कानावर येतं: "कोराडी इथं, खापरखेडा इथं, मौदा इथं, अन् लाईट आमचीच जाते." गल्लीतली वीज बहुतेक वेळा रोहित्र जळाल्यामुळे, फीडर बंद पडल्यामुळे किंवा तारेवर फांदी आल्यामुळे जाते, हे खरं. त्याचा मोठ्या जाळ्याशी फारसा संबंध नसतो. पण या वाक्यामागचं गृहीतक मला महत्त्वाचं वाटतं. वीजनिर्मिती केंद्र जवळ आहे म्हणजे वीज आपलीच, आणि केंद्रात क्षमता शिल्लक असेल तर कपात होऊच शकत नाही, असं आपण धरून चालतो. हे गृहीतक कुठे मोडतं ते कागदावर दाखवता येतं, आणि त्यासाठी बारावीचं गणित पुरतं.

मी विद्युत अभियांत्रिकीच्या मुलांना हा विषय शिकवते. पहिल्याच तासाला एका मुलानं विचारलं होतं, "मॅडम, करंटले थोडीच समजते कोनती लाईन भरली हाय?" सगळा विषय या एका प्रश्नात आहे. करंटला समजत नाही, म्हणूनच कुठलीही वाहिनी जास्त न भरता कोणत्या केंद्रानं किती वीज द्यायची, याचं गणित आपल्याला आधी करून ठेवावं लागतं. या गणिताला इंग्रजी पुस्तकांत ऑप्टिमल पॉवर फ्लो म्हणतात. फ्रान्सच्या जाक कार्पांतिए यांनी १९६२ साली ते पहिल्यांदा नीट मांडलं.

सोबत कागद, पेन्सिल आणि एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्क घेऊन बसा. नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

पायरी १ : आपल्या भागाचं चित्र काढा

गणिताआधी नकाशा. कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच आहेत. खापरखेड्यात २१० चे चार आणि ५०० चा एक, म्हणजे १३४० मेगावॅट. मौद्याचं एनटीपीसीचं केंद्र २३२० मेगावॅटचं, आणि खाली चंद्रपूरला २९२०. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय नागपुरात आहे, ते उगाच नाही. कोळसा इथं आहे म्हणून केंद्रं इथं आली. मागणी मात्र मोठ्या प्रमाणात मुंबई-पुण्याकडे आहे. त्यामुळे महाराष्ट्राच्या जाळ्यात वीज प्रामुख्याने पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, आणि विदर्भातून निघणाऱ्या वाहिन्या किती वाहू शकतात यावर बरंच काही अवलंबून असतं.

या सगळ्याचं वेळापत्रक भार प्रेषण केंद्र सांभाळतं. राज्याचं मुख्य केंद्र ऐरोलीला आहे, आणि विदर्भासाठीचं क्षेत्रीय केंद्र आपल्या अंबाझरीला. दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग पाडतात आणि प्रत्येक भागात कोणत्या केंद्रानं किती वीज द्यायची ते आधी ठरतं. वारंवारिता ५० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात राखायची असते. वीज साठवून ठेवायची सोय या जाळ्यात अजून थोडीच आहे, म्हणून निर्मिती आणि मागणी क्षणोक्षणी जुळायलाच लागते.

पायरी २ : आधी तारा विसरून हिशेब करा

आता एक छोटं जाळं घेऊ. यातले आकडे मी हिशेब सोपा जावा म्हणून ठरवलेले आहेत, कोणत्याही खऱ्या केंद्राचे नाहीत.

तीन ठिकाणं: अ, ब आणि क. अ इथं स्वस्त केंद्र आहे, ३ रुपये युनिट, जास्तीत जास्त ४०० मेगावॅट. ब इथं महाग केंद्र आहे, ५ रुपये युनिट, जास्तीत जास्त २०० मेगावॅट. क हे शहर, तिथली मागणी ३०० मेगावॅट. तिन्ही ठिकाणं एकमेकांना जोडलेली आहेत: अ-ब, ब-क आणि अ-क. तीन वाहिन्यांचा त्रिकोण झाला.

तारांचा विचार नसेल तर उत्तर कोणीही सांगेल. स्वस्त वीज आधी घ्या. अ कडे ४०० आहेत, मागणी ३००, म्हणजे सगळी अ कडूनच. एक मेगावॅट तासभर म्हणजे १००० युनिट, म्हणून तासाचा खर्च ३०० × १००० × ३ = ९ लाख रुपये. यालाच मेरिट ऑर्डर म्हणतात: केंद्रांना बदलत्या खर्चानुसार, मुख्यतः इंधनाच्या दरानुसार, स्वस्ताकडून महागाकडे रांगेत उभं करायचं आणि मागणी पुरी होईपर्यंत एकेकाला घेत जायचं. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या 'मेरिट' पोर्टलवर खऱ्या केंद्रांचे बदलते दर पाहायला मिळतात. एकदा बघाच, कोळशाच्या वाहतुकीनं दर किती बदलतो ते लक्षात येईल.

पायरी ३ : तारा परत आणा

इथं घाई करू नका. माझ्या अनुभवात नवखी मुलं सगळ्यात जास्त चुकतात ती याच जागी.

सीताबर्डीहून कामठीला जाताना रस्ता तुंबला तर आपण दुसरा धरतो. विजेला तशी निवड नाही. अ मधून क ला निघालेली वीज दोन्ही वाटांनी एकाच वेळी जाते: सरळ अ-क, आणि वळसा घालून अ-ब-क. किती कुठून जाईल, हे वाहिन्यांच्या रिअ‍ॅक्टन्सवर ठरतं. रिअ‍ॅक्टन्स म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला वाहिनीकडून होणारा एक प्रकारचा विरोध. आपल्या तिन्ही वाहिन्यांचा रिअ‍ॅक्टन्स सारखा मानू. सरळ वाटेत एक वाहिनी, वळशाच्या वाटेत दोन. वळशात विरोध दुप्पट, म्हणून तिथून सरळ वाटेच्या निम्मी वीज जाते. वाटणी २ : १. अ मधून निघालेल्या प्रत्येक ३ मेगावॅटपैकी २ सरळ जातात आणि १ ब वरून फिरून येतो.

हेच ब च्या विजेलाही लागू. तिचे दोन भाग सरळ ब-क ने जातात, एक भाग ब-अ-क असा फिरतो. म्हणजे ब नं वीज दिली तरी अ-क वाहिनीवर तिचा एक तृतीयांश भार पडतोच.

वहीत लिहा:

अ-क वरचा प्रवाह = (२ × अ ची निर्मिती + ब ची निर्मिती) ÷ ३
ब-क वरचा प्रवाह = (अ ची निर्मिती + २ × ब ची निर्मिती) ÷ ३
अ-ब वरचा प्रवाह = (अ ची निर्मिती − ब ची निर्मिती) ÷ ३

मेरिट ऑर्डरचं उत्तर यात घाला. अ ३००, ब शून्य. अ-क वर २००, ब-क वर १००, अ-ब वर १००.

आता समजा अ-क वाहिनी १६० मेगावॅटच सोसू शकते. म्हणजे पायरी २ मधलं स्वस्त उत्तर त्या तारेवर बसतच नाही.

पायरी ४ : मर्यादेसकट सोडवा

प्रत्येक इष्टतमीकरणाच्या, म्हणजे सगळ्यात चांगलं उत्तर शोधण्याच्या, गणितात तीन गोष्टी असतात. काय ठरवायचं, काय कमीत कमी करायचं, आणि काय मोडायचं नाही. इथं ठरवायच्या आहेत दोन निर्मिती. कमी करायचा आहे एकूण खर्च. आणि मोडायचं नाही ते असं: दोन्हींची बेरीज ३००, अ ४०० च्या आत, ब २०० च्या आत, अ-क वरचा प्रवाह १६० च्या आत.

हे हातानं सुटतं. ब ची निर्मिती म्हणजे ३०० वजा अ ची. ती पहिल्या सूत्रात घातली की अ-क वरचा प्रवाह होतो १०० + (अ ÷ ३). तो १६० च्या आत हवा, म्हणून अ जास्तीत जास्त १८०. उरलेले १२० मेगावॅट ब कडून घ्यावे लागतात.

खर्च: १८० × ३००० म्हणजे ५ लाख ४० हजार, अधिक १२० × ५००० म्हणजे ६ लाख. एकूण ११ लाख ४० हजार. मेरिट ऑर्डरपेक्षा तासाला २ लाख ४० हजार रुपये जास्त. अ मध्ये २२० मेगावॅट स्वस्त क्षमता रिकामी बसली आहे आणि आपण महाग वीज घेतो आहोत, कारण एक तार भरली.

एक गोष्ट इथं थांबून पाहा. वाहिनीवरून फक्त ४० मेगावॅट कमी करायचे होते, पण त्यासाठी १२० मेगावॅटची अदलाबदल करावी लागली. अ चा एक मेगावॅट ब कडे हलवला की अ-क वरचा भार फक्त एक तृतीयांशानं उतरतो. जाळ्यात कुठलीच तार एकटी नसते, हे या तिपटीतून दिसतं.

पायरी ५ : सावली-किंमत वाचायला शिका

इथं आलो की मला या विषयाचं सौंदर्य दरवेळी नव्यानं जाणवतं, म्हणून जरा रेंगाळते.

पहिला प्रश्न. अ-क वाहिनीची मर्यादा १६० ऐवजी १६१ केली तर? अ १८३ वर जाईल, ब ११७ वर येईल. तीन मेगावॅट ५ रुपयांवरून ३ रुपयांवर आले. तासाला ६ हजार रुपये वाचले. हीच त्या मर्यादेची सावली-किंमत. वाहिनीची क्षमता वाढवायला खर्च करावा की नाही, याचा पहिला अंदाज या आकड्यातून मिळतो.

दुसरा प्रश्न. शहरातली मागणी एका मेगावॅटनं वाढून ३०१ झाली तर खर्च किती वाढेल? बहुतेक जण म्हणतात, महाग केंद्राचा दर ५, म्हणजे ५ हजार. करून पाहा. दोन समीकरणं: अ + ब = ३०१, आणि २अ + ब = ४८०. उत्तर, अ १७९, ब १२२. मागणी एकानं वाढली, पण ब ला दोन वाढवावे लागले आणि अ ला एक कमी करावा लागला. खर्चातला बदल: दोन वेळा ५ हजार, वजा ३ हजार, म्हणजे ७ हजार रुपये.

शहरात पुढच्या युनिटचा खरा खर्च ७ रुपये! जाळ्यात ७ रुपयांचं केंद्रच नाही. अ जवळ विजेची किंमत ३, ब जवळ ५ आणि क जवळ ७. अमेरिकेतल्या बऱ्याच बाजारांत प्रत्येक ठिकाणाची अशी वेगळी किंमत काढून त्यावर व्यवहार होतो. भारतात वीज बाजारात विभागनिहाय किंमत निघते. वाहिन्या मोकळ्या असतील तर देशभर एकच भाव, भरल्या तर विभागांचे भाव वेगळे होतात.

पायरी ६ : संगणकावर बसवा

हातचं उत्तर मिळाल्याशिवाय ही पायरी घेऊ नका. एक्सेलमध्ये सॉल्व्हर, म्हणजे अशी गणितं सोडवणारं साधन, आधी सुरू करून घ्यावा लागतो, लिब्रेऑफिसमध्ये तो साधनांच्या यादीत असतो.

दोन निर्मितींसाठी दोन रकाने ठेवा. खाली खर्चाचं सूत्र, मग तीन वाहिन्यांची सूत्रं. सॉल्व्हरला सांगा: खर्च कमीत कमी कर, हे दोन रकाने बदल, या मर्यादा पाळ. पद्धत रेषीय निवडा. एक्सेलमध्ये तिचं नाव सिम्प्लेक्स एलपी आहे. १८० आणि १२० आलं पाहिजे. एक्सेल शेवटी संवेदनशीलता अहवालही देतं. त्यात अ-क मर्यादेसमोर वजा ६००० आणि मागणीसमोर ७००० दिसलं की समजा, गणित बरोबर बसलं.

मोठ्या जाळ्यात "दोन तृतीयांश, एक तृतीयांश" असं हातानं काढता येत नाही. तिथं प्रत्येक ठिकाणाला एक फेज कोन (तिथली व्होल्टेजची लहर किती पुढे-मागे आहे ते सांगणारा) देतात, आणि वाहिनीवरचा प्रवाह म्हणजे दोन टोकांच्या कोनांतला फरक भागिले रिअ‍ॅक्टन्स. आपल्या त्रिकोणात १०० मेगाव्होल्ट-अँपिअर पाया धरा, रिअ‍ॅक्टन्स ०.१ प्रति-एकक (म्हणजे पायाच्या पटीत; १०० मेगावॅट म्हणजे १), क चा कोन शून्य. मग अ चा कोन ०.१६ रेडियन येतो, ब चा ०.१४. अ-क वर ०.१६ ÷ ०.१ = १.६ प्रति-एकक, म्हणजे १६०. ब-क वर १४०. अ-ब वर २०. तिन्ही ठिकाणी आवक-जावक जुळते का ते तपासून घ्या.

इथल्या तीन चुका मी स्वतः केल्या आहेत आणि त्यात बरेच दिवस गेले आहेत, म्हणून आधीच सांगते. कोन अंशात घालू नका, रेडियनच हवेत (०.१६ रेडियन म्हणजे सुमारे ९.२ अंश). मेगावॅट आणि प्रति-एकक एकाच सूत्रात मिसळू नका. आणि एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये चल ऋण होऊ नयेत अशी एक चौकट आधीच टिक केलेली असते, ती काढा. शून्य कोन क ऐवजी अ ला दिला तर बाकीचे कोन ऋण येतात, आणि टिक तशीच राहिली तर सॉल्व्हर उत्तरच नाही म्हणून सांगतो. मग माणूस समीकरणांत चूक शोधत बसतो.

पायरी ७ : काय सोडून दिलं ते लक्षात ठेवा

आपण केलेल्या हिशेबाला डीसी (एकदिश प्रवाहाची) पद्धत म्हणतात, आणि हे नाव नवख्यांना फसवतं. जाळं एसीच, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाचंच, आहे. फक्त हिशेबात तारेतला तोटा सोडला, सगळीकडे व्होल्टेज सारखं धरलं आणि कोनांतले फरक लहान मानले. म्हणून समीकरणं सरळ रेषेची झाली.

चंद्रपूर ते पडघे ही खरी डीसी वाहिनी ही वेगळी गोष्ट. सुमारे ७५० किलोमीटर लांब, ±५०० केव्ही, १५०० मेगावॅट, १९९९ पासून चालू. तिच्यावरून किती वीज न्यायची ते माणूस ठरवू शकतो. त्यामुळे गणितात एसी वाहिनीचा प्रवाह हा परिणाम असतो, तर या वाहिनीचा प्रवाह ठरवायचा चल होतो. तुमच्या त्रिकोणात अ-क ला समांतर अशी एक वाहिनी घालून पाहा, १५ मिनिटांचं काम आहे.

पूर्ण एसी गणितात व्होल्टेज आणि रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता जाळ्यात येजा करणारी शक्ती) येतात, समीकरणं वाकडी होतात, आणि सापडलेलं उत्तर सगळ्यात चांगलंच आहे याची खात्री मिळणं अवघड होतं. त्यासाठी मॅटपॉवर किंवा पायथॉनमधलं पँडापॉवर वापरा. दोन्ही मोफत आहेत आणि सरावासाठी तयार जाळी सोबत मिळतात. आधी डीसी, मग एसी, आणि दोन्हींच्या उत्तरांतला फरक समजून घ्या.

वेळेचं बंधनही आहे. कोळशाचा संच हवा तेव्हा बंद-चालू करता येत नाही. साधारण ५५ टक्क्यांच्या खाली तो उतरवत नाहीत, म्हणजे ६६० च्या संचाला ३६३ मेगावॅट. दुपारी सौर वीज भरपूर असते तेव्हा हाच आकडा आडवा येतो. कोयनेचं उलटं आहे: संच मिनिटांत चालू होतो, पण वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी इतकंच. आज वापरलेलं पाणी मे महिन्यात नसेल. असे प्रश्न एका तासाच्या गणितात मावत नाहीत, सगळे तास एकत्र घेऊन सोडवावे लागतात.

पायरी ८ : एक तार तोडून पाहा

जाळं असं चालवायचं की कुठलीही एक वाहिनी अचानक गेली तरी बाकीच्यांनी भार सोसला पाहिजे. आपल्या त्रिकोणात ब-क तोडा. सगळे ३०० मेगावॅट अ-क वर येतात, आणि तिची मर्यादा १६०. अ आणि ब मध्ये निर्मिती कशीही वाटा, हे सुटत नाही. म्हणजे दोष वेळापत्रकात नाही, जाळ्यातच एक वाहिनी कमी आहे.

याची किंमत देशानं ३० आणि ३१ जुलै २०१२ ला पाहिली. बीना-ग्वाल्हेर ४०० केव्ही वाहिनीवर भार खूप होता, तिची जोडवाहिनी कामासाठी बंद होती, आसपासच्या इतरही वाहिन्या बंद होत्या. ती एक वाहिनी तुटली आणि उत्तरेचं जाळं कोसळलं. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तिन्ही विभाग अंधारात गेले. पश्चिम विभाग टिकला. पुढे ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं जाळंही जोडलं गेलं आणि सगळा देश एका वारंवारितेवर आला.

पायरी ९ : मे महिना घाला

वाहिनीची मर्यादा वर्षभर एकच नसते. तार प्रवाहानं तापते, तापली की लांबते, लोंबते आणि जमिनीजवळ येते. म्हणून तिला ठरावीक तापमानापर्यंतच, बऱ्याच जुन्या वाहिन्यांत ७५ अंशांपर्यंत, तापू देतात. हिवाळ्यात हवा १५ अंशांवर असताना तारेला थंड व्हायला वाव असतो. मे महिन्यात नागपूरची हवाच ४५ वर जाते, तेव्हा तोच वाव निम्म्यावर येतो. आणि नेमकं त्याच वेळी घरोघरचे कूलर आणि एसी पूर्ण वेगानं चालू असतात.

आपल्या शीटमध्ये अ-क ची मर्यादा १५० करा. उत्तर अ १५०, ब १५०, खर्च १२ लाख. दहा मेगावॅट मर्यादा घटली, ६० हजार रुपये वाढले, म्हणजे पायरी ५ मधली ६ हजारांची सावली-किंमत इथंही लागू पडली.

आता १३० करा. सॉल्व्हर उत्तर देणार नाही. घाबरू नका, त्याचंही बरोबर आहे. ब त्याच्या २०० च्या टोकाला पोचला की अ-क वर १३० राखायला अ ९५ च्या वर जाऊ शकत नाही. एकूण २९५, मागणी ३००.

तिसरा रकाना जोडा: क मधली कपात. तिला मुद्दाम मोठी किंमत द्या, समजा ५० रुपये युनिट, म्हणजे गणित तिला अगदी शेवटीच हात लावेल. मागणीचं समीकरण आता अ + ब + कपात = ३०० असं होईल. पुन्हा सोडवा. अ ९५, ब २००, कपात ५, तासाचा खर्च १५ लाख ३५ हजार.

शहरात ५ मेगावॅटची कपात, आणि अ मध्ये ३ रुपये युनिटची ३०५ मेगावॅट क्षमता रिकामी.